इंडियन ओपन गोल्फ आणि पैजेचं गणित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंडियन ओपन जवळ आली की माझ्याकडे प्रश्नांची रांग लागते. निम्मे प्रश्न पुण्या-मुंबईहून येतात, निम्मे इंग्लंड-ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींकडून. पहिल्यांना विचारायचं असतं, "चालतं का?" दुसऱ्यांचा सूर असतो, "माझा खेळाडू आला, मग पैसे अर्धेच कसे?" मी इंग्लंडात राहतो. इथे हे कायदेशीर आहे, आणि वर्षातून चार-पाच स्पर्धांवर मी पाच-पाच पौंड लावतो. बहुतेक वेळा ते जातात. त्यामुळे कोण जिंकेल हे इथे शोधू नका. भाव कसे वाचायचे, निकाल कसा लावतात आणि कुठे हात घालायचा नाही, एवढंच इथे आहे.

१. इंडियन ओपन म्हणजे नेमकी कोणती स्पर्धा? बाहेरचे बुकी तिच्यावर भाव कशाला काढतात?

भारतातली ही सर्वांत जुनी आंतरराष्ट्रीय व्यावसायिक गोल्फ स्पर्धा. पहिली १९६४ साली झाली आणि ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनने जिंकली. बरीच वर्षं ती प्रामुख्याने दिल्ली गोल्फ क्लबवर व्हायची. २०१७ पासून ती गुरुग्रामच्या डीएलएफमधल्या गॅरी प्लेअर कोर्सवर आली. २०२० ते २०२२ कोविडमुळे झाली नाही. ती डीपी वर्ल्ड टूरच्या वेळापत्रकात असते (या टूरचं जुनं नाव युरोपियन टूर), म्हणून ब्रिटिश बुकींच्या फळ्यावर ती आपोआप लागते. चार दिवस, ७२ होल, सर्वांत कमी फटके घेणारा विजेता. दोन दिवसांनंतर 'कट' लागतो: पहिले ६५ आणि पासष्टाव्या जागेवर बरोबरीत असलेले सगळे पुढे जातात, बाकीचे घरी.

२. मी पुण्यात राहतो. मोबाइलवरून या स्पर्धेवर पैसे लावू शकतो का?

नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंदीच्या यादीत टाकले. आधी "हा नशिबाचा खेळ की कौशल्याचा?" या वादात पळवाट सापडायची. या कायद्याने तो भेदच काढून टाकला. पैसे घेऊन चालणाऱ्या फँटसी स्पर्धा त्यामुळेच गुंडाळल्या गेल्या.

शिक्षेचा रोख खेळ चालवणारे, जाहिरात करणारे आणि पैशांची ने-आण करणारे यांच्यावर आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्यावरून "मग खेळणाऱ्याला मोकळं रान" असं समजू नका. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. घोड्यांच्या शर्यतीला त्यात वेगळी वाट आहे, गोल्फला नाही.

३. पण त्या साइटवर 'परदेशी लायसन्स' लिहिलंय. आणि गोव्यात तर कॅसिनो आहेत!

लायसन्स कुराकाओचं (कॅरिबियन समुद्रातलं एक बेट) असेल तर ते कुराकाओपुरतं. कोथरूडमध्ये त्याची किंमत शून्य. उद्या त्यांनी तुमचे पैसे अडकवले तर तक्रार कुणाकडे करणार? पोलिसांकडे जाऊन काय सांगणार? शिवाय परकीय चलनाच्या नियमांत लॉटरी, स्वीपस्टेक अशांसाठी पैसे बाहेर पाठवायला मनाई आहे. म्हणून या साइट अनोळखी लोकांच्या यूपीआय खात्यांत पैसे भरायला लावतात. ते खातं दुसऱ्याच फसवणुकीत वापरलेलं निघालं की तुमचंही खातं गोठतं.

गोव्याचे कॅसिनो पत्ते आणि यंत्रांच्या परवान्यावर चालतात. खेळाच्या निकालावर पैज घेण्याचा तो परवाना नव्हे.

४. क्लबात आम्ही चौघं मित्र दर रविवारी नॅसॉ खेळतो, शंभर-शंभर रुपये. तेही बंद करायचं का?

नॅसॉ म्हणजे एकात तीन पैजा: पहिले नऊ होल, मागचे नऊ आणि पूर्ण अठरा. गोल्फच्या नियामक संस्था हौशी खेळाडूंच्या अशा आपसांतल्या किरकोळ पैजेला आक्षेप घेत नाहीत. चहा-भज्यांच्या पैशांसाठी कुणी तुमच्या दारात येईल असं मला वाटत नाही. मात्र मित्राने पैसे बुडवले तर कोर्टात जाता येणार नाही. करार कायदा १८७२, कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच शून्य. आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ चा आणखी एक कायदा आहे, त्यामुळे पैज लावायला उसने दिलेले पैसेही वसूल होत नाहीत. दीडशे वर्षांपूर्वी कुणाला तरी हे पुरेपूर कळलं होतं.

५. आशियातल्या बाकी स्पर्धांचं काय? हाँगकाँगला, सिंगापूरला तर सगळे खुलेआम लावत असतील ना?

उलट. हाँगकाँग ओपन १९५९ पासून फॅनलिंगला होते, पण तिथे कायदेशीर पैज घ्यायची मक्तेदारी हाँगकाँग जॉकी क्लबची: घोडे, फुटबॉल, मार्क सिक्स लॉटरी. गोल्फ त्यात नाही. सिंगापूर पूल्सकडे फुटबॉल आणि मोटारशर्यती असतात. स्पर्धा आशियात, खेळाडू आशियातले आणि कायदेशीर पैज मात्र बरीचशी लंडन-सिडनीत, असा हा प्रकार आहे.

६. दादा, मी लंडनला नोकरी करते. माझं खातं कायदेशीर आहे. सुट्टीत सांगलीला आल्यावर तिथून लावलं तर?

नको. तुमच्या पासपोर्टवर काय आहे ते महत्त्वाचं नाही, पैज लावताना तुम्ही कुठे आहात ते महत्त्वाचं. ब्रिटिश कंपन्यांच्या अटींतही हेच असतं. व्हीपीएन लावून लंडनमध्ये असल्याचं भासवलं आणि नंतर ते उघड झालं, तर जिंकलेली रक्कम रोखायला त्यांना आयतं कारण मिळतं. निघण्यापूर्वी इंग्लंडातून लावलेली पैज मात्र तशीच उभी राहते.

७. २०/१, २१.०० आणि +२००० हे तीन वेगळे भाव आहेत का?

एकच भाव, तीन लिप्यांत. २०/१ म्हणजे एक पौंड लावला तर वीस नफा, शिवाय लावलेला एक परत. दशांश पद्धतीत लावलेली रक्कमही धरतात, म्हणून २१.००. अमेरिकन पद्धतीत शंभर लावले तर दोन हजार नफा, म्हणून +२०००. आपल्याकडचे क्रिकेटचे बुकी 'ऐंशी पैसे' म्हणतात तेव्हा तेही हेच सांगत असतात: रुपयामागे ऐंशी पैसे नफा.

शक्यता काढायची तर शंभरला दशांश भावाने भागा. १०० भागिले २१ म्हणजे जवळपास ४.८ टक्के.

८. क्रिकेटमध्ये फेव्हरेटला पैशांत भाव मिळतो. गोल्फमध्ये फेव्हरेटलाही १०/१, १२/१! मग इथे कमाई जास्त ना?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि सर्वाधिक पैसेही इथेच बुडतात. क्रिकेटमध्ये दोन संघ, इथे सव्वाशे-दीडशे खेळाडू. जगातला उत्तम खेळाडूही वर्षातल्या बहुतेक स्पर्धा हरतो. भाव मोठा असतो तो शक्यता लहान असते म्हणून.

शिवाय बुकीचा वाटा. समजा तिघांच्या गटात २.५०, २.७५ आणि ३.०० असे भाव आहेत. शक्यता होतात ४०, ३६.४ आणि ३३.३ टक्के. बेरीज १०९.७. खरी बेरीज शंभरच्या वर जाऊच शकत नाही, म्हणजे वरचे जवळपास दहा बुकीचे. आता विजेत्याच्या बाजारात, म्हणजे स्पर्धा कोण जिंकेल यावरच्या पैजांत, दीडशे नावं असतात आणि प्रत्येक नावाच्या भावात चिमूटभर कापलेलं असतं. तिथली बेरीज सहज १३० च्या पुढे जाते. सगळ्यात जास्त कापलेलं असतं ५००/१ वाल्या, कुणाला ठाऊक नसलेल्या नावांत. "पाच पौंडांत अडीच हजार" हे वाचायला गोड लागतं, पण त्या खेळाडूची खरी शक्यता पाचशेत एक नसून हजारात एकही नसेल.

९. 'ईच-वे' म्हणजे काय? दहा लावले आणि वीस कापले गेले.

कारण त्या दोन पैजा आहेत: दहा 'जिंकेल' यावर, दहा 'वरच्या काही जागांत येईल' यावर. अटीत लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ "१/५ भाव, पाच जागा". १००/१ च्या खेळाडूवर पाच-पाच लावले, म्हणजे एकूण दहा, आणि तो चौथा आला, तर जिंकण्याचे पाच गेले. जागेच्या भागाला १०० चा पाचवा हिस्सा म्हणजे २०/१ मिळाला: शंभर नफा अधिक लावलेले पाच परत. दहा टाकून १०५ आले. जागा किती आणि हिस्सा किती हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. आठ जागांची जाहिरात पाहिलीत तर १०० भाव ८० केलाय का तेही बघा.

१०. माझा खेळाडू पहिल्या पाचांत आला, तरी निम्मेच पैसे मिळाले. ही फसवणूक नाही का?

नाही, याला 'डेड हीट' म्हणतात. गोल्फमध्ये पहिल्या क्रमांकाची बरोबरी प्ले-ऑफने, म्हणजे जादा होल खेळून, सुटते, बाकीच्या बरोबऱ्या तशाच राहतात. चौथ्या जागेवर चौघे असतील तर त्यांनी ४, ५, ६, ७ अशा जागा अडवल्या. 'टॉप फाइव्ह'मध्ये त्यातल्या दोनच येतात. दोन जागा आणि चार माणसं, म्हणून तुमची लावलेली रक्कम निम्मी धरतात. ५.०० भावाला दहा पौंड लावले असतील तर पाचावर हिशेब: २५ मिळतात. ५० नाहीत. नफा ४० ऐवजी १५.

खरा निकाल घेऊन बघू. २०२४ ला जपानचा कैता नाकाजिमा चार फटक्यांनी जिंकला. दुसऱ्या जागेवर तिघे: आपला वीर अहलावत, स्वीडनचा सेबास्टियन सॉडरबर्ग, अमेरिकेचा योहानेस वीरमन. आता अहलावतवर लावलेले पैसे:

पाच जागांच्या ईच-वेवर असतील तर 'जिंकेल'चा भाग गेला, पण जागेच्या भागातला एक पैसाही कापला जात नाही. तिघांनी २, ३, ४ या जागा घेतल्या आणि तिन्ही पाचाच्या आत आहेत. 'टॉप थ्री' असेल तर तिघांत दोन जागा, म्हणून लावलेल्याचा दोन-तृतीयांश. आणि 'नाकाजिमा वगळून विजेता' हा बाजार घेतला असेल तर तिघेही पहिले, म्हणजे एक-तृतीयांश. निकाल एकच, खेळाडू एकच, हिशेब तीन. 'टॉप टेन', 'टॉप ट्वेंटी'त तर विसाव्या जागेवर सात-आठ जण बसलेले असणं हे नेहमीचंच. काही कंपन्या "बरोबरीतही पूर्ण पैसे" म्हणतात, त्यांचे मुळातले भाव कमी असतात.

११. थ्री-बॉल आणि मॅच-बेट यांत फरक काय?

थ्री-बॉलमध्ये त्या दिवशी एकत्र खेळणाऱ्या तिघांतला सर्वांत कमी फटक्यांचा ओळखायचा. मॅच-बेटमध्ये कंपनीने जोडलेल्या दोघांपैकी पुढे कोण, एका फेरीत किंवा पूर्ण स्पर्धेत. पूर्ण स्पर्धेच्या जोडीत एकाने कट चुकवला तर दुसरा जिंकला. मला स्वतःला हे बाजार आवडतात. दोन-तीन माणसांचा अभ्यास होऊ शकतो, दीडशेंचा नाही.

१२. गोल्फ भारतात, कोर्स आपला. भारतीयांवरच लावावं ना?

दिल्ली गोल्फ क्लबचा काळ असता तर मी हो म्हटलं असतं. तो कोर्स अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी, लांब मारणाऱ्याला ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायची काठी) बॅगेत ठेवावा लागायचा. ज्याने तिथे आयुष्य काढलं त्याला फायदा. अली शेर १९९१ ला जिंकला तो तिथेच, ही स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. २०१५ ला अनिर्बान लाहिरी (जन्म पुण्याचा, बरं का) आणि एसएसपी चौरासिया यांच्यातच प्ले-ऑफ झाला. पुढच्या वर्षी चौरासिया जिंकला.

गुरुग्रामचा कोर्स वेगळा: खोल बंकर (वाळूचे खड्डे), खडकांच्या भिंती, उंचवट्यांची ग्रीन्स (होलभोवतीची बारीक गवताची जागा). २०१७ ला चौरासियाने तिथेही सात फटक्यांनी बाजी मारली. पण त्यानंतर २०२५ पर्यंत मॅट वॉलेस, स्टीफन गॅलाहर, मार्सेल झीम, नाकाजिमा, युजेनियो चाकारा. एकही भारतीय नाही. २०१८ ला शुभंकर शर्मा शेवटच्या दिवशी आघाडीवरून निघाला आणि बरोबरीत सातवा आला. त्या महिन्यात भारतातला प्रत्येक जण त्याचंच नाव घेत होता. अशा वेळी भाव त्याच्या खेळापेक्षा आपल्या प्रेमाने खाली येतो. प्रेमच करायचं असेल तर 'टॉप इंडियन' हा बाजार बघा, तिथे स्पर्धा आपसांतली असते.

१३. जागतिक क्रमवारी बघून लावलं तर?

या कोर्सवर ते फारसं पुरत नाही. विजेत्याचा स्कोअर बघा: २०२४ ला १७ अंडर, म्हणजे पारपेक्षा (कोर्ससाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा) १७ कमी, २०२५ ला फक्त ४ अंडर. एकाच मैदानावर लागोपाठच्या दोन वर्षांत तेरा फटक्यांचा फरक. २०२५ चा विजेता चाकारा त्याआधी लिव्ह या वेगळ्या गोल्फ लीगमध्ये होता, २०२२ ला बँकॉकमध्ये तिथे जिंकलाही होता. पण त्या लीगला तेव्हा क्रमवारीचे गुण मिळत नसत. क्रमवारीत मागे असणं म्हणजे खेळ वाईट असणं नव्हे, याचं हे चांगलं उदाहरण.

आणि एक वाईट होल झाला म्हणून माणूस संपत नाही. २०१९ ला गॅलाहरने शेवटच्या दिवशी सातव्या होलवर आठ फटके घेतले, पारपेक्षा चार जास्त, आणि तरी स्पर्धा जिंकली.

१४. 'पहिल्या दिवसाचा आघाडीवीर' यावर लावताना काय बघायचं?

टी-ऑफची, म्हणजे फेरीतला पहिला फटका मारायची वेळ. निम्मे सकाळी खेळतात, निम्मे दुपारी, दुसऱ्या दिवशी उलट. सकाळी ग्रीन ताजी असते, दुपारपर्यंत दीडशे बुटांखालून गेलेली आणि बहुधा वाराही वाढलेला. वेळा जाहीर झाल्या की भाव हलतात. इथे प्ले-ऑफ नसतो, त्यामुळे प्रश्न १० मधली विभागणी हमखास भेटते.

१५. टीव्हीवर बघत बघत लाइव्ह लावलं तर फायदा होईल का?

टीव्हीवरचं चित्र मागे असतं, कंपनीकडे कोर्सवरून थेट आकडे येतात. तुम्ही चेंडू पाण्यात पडताना पाहता तेव्हा भाव आधीच बदललेला असतो. ऑस्ट्रेलियात तर खेळ सुरू झाल्यावर ऑनलाइन पैज घेताच येत नाही, फोन करावा लागतो.

१६. खेळाडूने माघार घेतली. पैसे परत?

पहिला फटका मारण्यापूर्वी घेतली असेल तर साधारणपणे परत. एक फटका मारून पाठ धरून गेला तरी पैसे गेले. फार आधी उघडलेल्या बाजारांत काही कंपन्या न खेळणाऱ्याचेही पैसे ठेवतात, अट वाचा. थ्री-बॉलमध्ये तिघांतला एक आलाच नाही तर बऱ्याच ठिकाणी पैज रद्द होते.

१७. पावसामुळे स्पर्धा तीन किंवा दोनच दिवसांची झाली तर?

आशियात हा प्रश्न खराच येतो. सिंगापूरच्या सेंटोसा कोर्सवर विजांमुळे खेळ थांबवणारा भोंगा वाजणं हे जवळपास दिनक्रमातलं. सर्वसाधारण रीत अशी: किमान ३६ होल पूर्ण होऊन चषक दिला गेला तर विजेत्यावरच्या पैजा टिकतात. मात्र शेवटच्या पूर्ण झालेल्या फेरीनंतर लावलेल्या पैजा रद्द, कारण त्यानंतर मोजण्यासारखा खेळच झाला नाही. एका फेरीच्या थ्री-बॉलला ती फेरी पूर्ण व्हावी लागते. अर्धवट फेरी दुसऱ्या दिवशी पुरी झाली तर चालते.

१८. प्ले-ऑफ कुठे धरतात, कुठे नाही?

विजेत्याच्या बाजारात धरतात. २०१८ ला वॉलेसने अँड्र्यू जॉन्स्टनला प्ले-ऑफमध्ये हरवलं, तेव्हा जॉन्स्टनवरचे 'जिंकेल'चे पैसे पूर्ण गेले. ईच-वे असेल तर तो दुसरा म्हणून जागेचे पैसे पूर्ण, विभागणी नाही. चौथ्या फेरीच्या थ्री-बॉलमध्ये मात्र प्ले-ऑफचे फटके मोजत नाहीत.

१९. टेलिग्रामवर 'फिक्स' गोल्फ टिप विकतात. शिवाय लिंक पुढे पाठवली तर कमिशन देतो म्हणतात.

दीडशे जणांची, चार दिवसांची स्पर्धा फिक्स करायची तर एकशे एकोणपन्नास जणांना हरायला लावावं लागेल. टिप विकणारा ज्या धंद्यात आहे त्याचं साधं रूप असं: वीस गटांना वीस वेगळी नावं सांगायची आणि जो गट बरोबर निघेल त्याच्याकडून पुढच्या आठवड्याचे पैसे घ्यायचे. टूरच्या नियमांनुसार खेळाडू आणि कॅडी (त्यांची बॅग वाहणारे) यांना गोल्फवर पैज लावायलाच बंदी असते.

लिंक तर अजिबात पाठवू नका. प्रश्न २ मधल्या कायद्यात जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. हजार रुपयांच्या कमिशनसाठी हा सौदा मला झेपणारा नाही.

२०. जिंकलेल्या पैशांवर कर?

ब्रिटनमध्ये पैज जिंकणाऱ्याला त्यावर कर नाही. भारतात राहणाऱ्याने ऑनलाइन जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के लागतो, आणि हरलेल्या पैशांचा तोटा पगारातून किंवा धंद्यातून वळता करता येत नाही. "बेकायदा कमाईवर कर कसला?" हा युक्तिवाद आयकर खात्यापुढे चालत नाही.

२१. माझा भाऊ इंग्लंडात आहे, थांबतच नाही. काय करू?

गॅमस्टॉपवर त्याने स्वतः नोंदणी केली की ब्रिटनच्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्या त्याला बंद होतात: सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं. ऑस्ट्रेलियात यासाठी बेटस्टॉप आहे. तुम्ही त्याच्या वतीने नोंदणी करू शकत नाही, शेजारी बसून करून घ्या. त्याचं कर्ज मात्र गुपचूप फेडत बसू नका. मी एका घरात हे तीनदा पाहिलं आणि तिन्ही वेळा पुढचं कर्ज आधीच्यापेक्षा मोठं होतं. भारतात असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

२२. पैसे मिळाले, आणि नंतर खेळाडू अपात्र ठरला तर परत घेतात का?

स्कोअरकार्डवर चुकीचा आकडा लिहून सही केली आणि चषक देण्यापूर्वी तो बाद झाला, तर तुमचे पैसे गेले. बक्षीस समारंभ झाल्यावर काही निघालं, तर बहुतेक कंपन्या व्यासपीठावरचा निकालच अंतिम धरतात.